तळमजल्यासाठी दोन एक्के

वासुदेवराव सावे यांनी जन्मात कधी जुगार खेळला नव्हता, आणि त्या रविवारी चिमणभाईंच्या ओटीवर मांडी ठोकून ते जे करायला बसले, त्यालाही ते जुगार म्हणायला तयार नव्हते. त्यांच्या मते ती ‘उपलब्ध माहितीच्या आधारे टप्प्याटप्प्याने घ्यावयाच्या निर्णयांची कार्यपद्धती’ होती. सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून वीस वर्षं काढली की माणूस झोपेतसुद्धा असंच बोलतो. सरलाबाईंना विचारा.

पणाला लागला होता एक तळमजला. डहाणूच्या सरकारी वसाहतीतल्या त्या तीन मजली इमारतीत तळमजल्याचा कोपऱ्यातला ब्लॉक रिकामा झाला होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे हातभर परसू आणि परसात वसाहतीचा हातपंप. नळाला पाणी यायचं, नाही असं नाही, पण ते पहिल्या मजल्यापर्यंत चढायचं आणि तिथेच दमायचं. सावे राहत दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे सरलाबाई रोज सकाळी खाली जाऊन हापसायच्या, एका हातात बादली, कमरेवर कळशी घेऊन वर यायच्या, आणि पुन्हा खाली जायच्या. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबत आणि खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं करत. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर चिमणभाईंचं दुकान आणि चिकूच्या रिकाम्या पेट्या. वासुदेवरावांना ते दिसायचं. म्हणून ब्लॉक रिकामा झाल्याचं कळताच त्यांनी त्याच दुपारी अर्ज टाकला.

अडचण अशी की अर्ज तीन आले. दुसरा लेखा शाखेतल्या तुषार चुरीचा. त्याने नवी स्कूटर घेतली होती आणि ती त्याला रात्री खिडकीतून दिसायला हवी होती. लग्न व्हायचं होतं, प्रेम सगळं स्कूटरवर. तिसरा अर्ज टायपिस्ट संगिता वांगडचा. ती सावेंच्या शेजारीच, दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिची सासू सुकीबाई गंजाडहून लेकाकडे राहायला आली होती आणि येताना चार कोंबड्या अन् एक कोंबडा घेऊन आली होती. कोंबड्या गॅलरीत राहत. कोंबडा मात्र सावेंच्या दारातल्या पायपुसण्यावर बसे आणि वासुदेवराव कचेरीला निघाले की उठत नसे. ते त्याला वळसा घालून जात. सुकीबाईंची तक्रार वेगळी होती. त्या म्हणायच्या, “पाय भुईला लागत नाय, तर झोप कशी लागंल?” त्या खरंच झोपत नसत. रात्रभर गॅलरीत बसून राहत, आणि संगिता सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कचेरीत येई.

साहेब नवे होते. त्यांनी तिन्ही अर्ज वाचले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला, पण अर्ज तीनच राहिले. वासुदेवराव सेवेत ज्येष्ठ, तुषार वेतनश्रेणीत वरचढ आणि संगिताची अडचण सगळ्यांत मोठी. वसाहतीतल्या जाणत्यांनी वासुदेवरावांना सल्ला दिला की गुडघ्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र जोडा. त्यांनी सरलाबाईंना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर सज्जन आणि सत्यवचनी निघाले. त्यांनी लिहून दिलं, ‘गुडघे वयोमानानुसार ठीक.’ साहेब म्हणाले, “सावे, वयोमानानुसार ठीक म्हणजे ठीकच की हो.” आपल्याच अर्जाला आपणच खिळा मारल्यासारखं झालं. मग फाइल ठाण्याला गेली. ठाण्याला ती दीड महिना विसावली आणि परत आली ती शेरा घेऊन: ‘संबंधितांनी आपापसांत समजुतीने ठरवून कळवावे. दोघांनी अर्ज स्वेच्छेने मागे घ्यावेत.’ समजुतीने हा शब्द सरकारला फार आवडतो, कारण त्याला प्रवासभत्ता द्यावा लागत नाही.

समजुतीची बैठक जिन्यातच झाली. तुषार स्कूटरवर अडून राहिला, संगिता खाली मान घालून म्हणाली की सासूबाई झोपत नाहीत, आणि वासुदेवराव ज्येष्ठतेवर बोलत असताना कोंबडा मध्येच आरवला. बैठक बरखास्त झाली.

तोडगा काढला चिमणभाईंनी. चिमणभाई शहांचं फाटकासमोर किराण्याचं दुकान, मागे घर. सगळी वसाहत त्यांची उधारीवाली, त्यामुळे त्यांचा शब्द साहेबांपेक्षा थोडा जड. ते म्हणाले, “सावेभाई, यात एवढं डोकं शुं काम तापवता? रविवारी सातम हाय, गोकुळअष्टमीच्या आधीचा दिवस. दर वरसे सातम-आठमला आमच्याकडे पत्ते रमतात. तुम्ही तिघं या. पैशाने नाय रमायचं, चिंचोके घेऊ. दिवेलागणीला ज्याच्या पुढ्यात ढीग मोठा, तेचा तळमजला. बाकीचे दोघं तिथंच अर्ज मागे घेणार. माताजी साक्षी.”

तुषार एका पायावर तयार झाला, कारण तीन पत्तीत तो वसाहतीत दादा होता. चिमणभाई तर सातमला तीन पत्ती खेळतच मोठे झालेले. वासुदेवरावांना तीन पत्ती येतच नव्हती. पण ऐन वेळी त्यांना शैलेश आठवला.

शैलेश म्हणजे सरलाबाईंच्या बहिणीचा मुलगा. मालवाहू जहाजावर अधिकारी होता आणि रजेवर आठ दिवस राहून गेला होता. त्यांचं जहाज कॅलिफोर्नियातल्या एका बंदराला लागायचं, आणि तिथे तो एक खेळ शिकला होता, लिमिट होल्डम. रजेत त्याने काकांना तो शिकवला. प्रत्येकाला दोन पानं पालथी. मग मधोमध पाच पानं उताणी, आधी तीन, मग एक, मग एक. ती सगळ्यांची. आपली दोन आणि मधली पाच मिळून ज्याची पाच पानं भारी, तो जिंकला. वासुदेवरावांनी लगेच त्याचं शासकीय मराठी केलं, दोन पानं खासगी मालकीची आणि पाच गावठाणातली. पण त्यांना खरी भुरळ घातली ती ‘लिमिट’ने. या खेळात कुणाला मनाला येईल तेवढा डाव वाढवता येत नाही. वाढ ठरलेली, पहिल्या दोन फेऱ्यांत दोन-दोन आणि पुढच्या दोन फेऱ्यांत चार-चार, आणि एका फेरीत जास्तीत जास्त तीन वाढी. वार्षिक वेतनवाढीसारखी शिस्त. असा सभ्य खेळ अमेरिकेत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शैलेशने सांगितलं होतं, “काका, हातातच मोठी जोडी आली, एक्के किंवा राजे, तर गप्प बसायचं नाही. पहिल्या फेरीपासून वाढवत सुटायचं. लोकांना पळवून लावायचं. मोठी जोडी एक-दोघांसमोर चालते. गर्दीत सापडली तर कुणीतरी कुठूनतरी दोन जोड्या घेऊन येतो. आणि शेवटी समोरचा उलटा वाढवायला लागला तर समजायचं, आपली जोडी मेली. माया लावून बसायचं नाही.”

यातली पहिली तीन वाक्यं वासुदेवरावांनी मन लावून ऐकली. पुढची चालू असताना सरलाबाई चहा घेऊन आल्या होत्या.

तर त्यांनी अट घातली की तीन पत्ती हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे, शासकीय निवासस्थानाचा प्रश्न नशिबावर सोडता येणार नाही, सबब होल्डम खेळावा. तुषारने खांदे उडवले. चिमणभाईंना नवीन खेळाची हौस वाटली; चौथा भिडू म्हणून तेही बसणार, पण त्यांचा ढीग मोजायचा नाही. संगिताला दोन्ही सारखेच येत नव्हते.

तेवढ्यात एक योग आला. शुक्रवारी कामानिमित्त वासुदेवरावांना अच्छाडला जावं लागलं. तिथल्या सीमा तपासणी नाक्यावर ट्रकांची ही भली मोठी रांग, आणि बाजूच्या ढाब्यावर खाटेवर ड्रायव्हर मंडळी खोळंबलेली. वासुदेवरावांनी तिघांना हिंदीतून होल्डम शिकवला. ‘ये पाँच पत्ता गावठाण का है’ हे समजावायला थोडा वेळ लागला. काड्यापेटीच्या काड्यांवर खेळ सुरू झाला आणि तिसऱ्याच डावाला वासुदेवरावांच्या हातात दोन राजे आले. त्यांनी वाढवलं. पुन्हा वाढवलं. आणि काय सांगावं, तिन्ही ड्रायव्हरांनी पानं खाटेवर टाकली आणि उठून चालायला लागले.

घरी येऊन त्यांनी हा प्रसंग सरलाबाईंना दोनदा सांगितला. “मोठ्या जोडीचा धाक बघ. पानं दाखवावीसुद्धा लागली नाहीत. नुसतं वाढवलं, तर माणसं उठून गेली.”

“आणि त्यांचे ट्रक?” सरलाबाईंनी विचारलं.

“ट्रकचा काय संबंध?”

संबंध होता. त्याच क्षणी नाक्यावर त्यांचे नंबर पुकारले गेले होते. पण वासुदेवराव काड्या गोळा करण्यात गुंतले होते.

शनिवारी संध्याकाळी संगिता दाराशी आली. साहेबांना मंगळवारी वर एक उत्तर पाठवायचं होतं, म्हणून तिला रविवारी टायपिंगला बोलावलं होतं. ती म्हणाली, “वहिनी, माझ्या बदली तुम्ही बसाल? हे गावाला गेलेत, सासूबाईंना पत्ते कळत नाहीत. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही.”

सरलाबाई बावरल्या. “अगं, पण आमचाही अर्ज आहे ना?”

“म्हणून तर,” संगिता म्हणाली, आणि कोंबड्याला उचलून निघून गेली.

तुषारला हे कळलं तेव्हा तो भडकला. एका घरातले दोघे एका डावात, हा कुठला न्याय? खरं म्हणजे त्याचं म्हणणं रास्त होतं. पण वासुदेवरावांनी गॅलरीत उभं राहून पाच मिनिटांचं भाषण केलं. एका स्त्री कर्मचाऱ्याची अडचण, शेजारधर्म, आपल्या कुटुंबाच्या प्रामाणिकपणावर घेतलेला संशय, सगळं त्यात आलं. तुषारने हरकत मागे घेतली. वासुदेवराव आत आले ते हात चोळतच. चारांतले दोन हात आपल्या घरात आले होते.

“तू काही करू नकोस,” ते सरलाबाईंना म्हणाले. “पानं मिळाली की टाकायची. मिळाली, की टाकायची. एवढंच.”

सरलाबाई कणीक मळत होत्या. “जोडी म्हणजे दोन सारखी. दोन जोड्या म्हणजे दोनदा दोन सारखी. आणि दोन जोड्या एका जोडीपेक्षा मोठ्या, बरोबर?”

“तुला तेही नको. तू टाकत जा.”

“बघू,” सरलाबाई म्हणाल्या.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. या बाईंच्या ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा एकदाही निघालेला नव्हता. तरी वासुदेवराव समाधानाने झोपले. काय म्हणावं?

आता सातमची एक गंमत आहे, ती वासुदेवरावांना माहीत नव्हती. त्या दिवशी चिमणभाईंच्या घरी शीतळामातेची पूजा. चूल पेटत नाही. आदल्या दिवशी करून ठेवलेलं थंड जेवायचं, थेपले, दही, सुखडी. आणि चूल नाही म्हणजे चहा नाही. वासुदेवराव ओटीवर बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासात त्यांनी तीनदा आतल्या दाराकडे पाहिलं. चिमणभाई म्हणाले, “सावेभाई, थेपला लो ने.” थेपला उत्तम होता. पण थेपल्याने अव्वल कारकुनाचं डोकं चालू होत नाही.

ओटीवर चटई, चटईवर चौघं. वासुदेवराव, त्यांच्या उजवीकडे तुषार, समोर चिमणभाई आणि डावीकडे सरलाबाई. सरलाबाईंच्या मागे भिंतीला टेकून सुकीबाई बसल्या होत्या. पाय ओटीच्या खाली सोडून, तळवे थेट अंगणाच्या मातीत. प्रत्येकापुढे चिंचोक्यांचा सारखा ढीग.

सुरुवात तर फक्कड झाली. वासुदेवरावांच्या हातात दश्शांची जोडी आली, त्यांनी वाढवलं, तुषारने जांभई देऊन पानं टाकली, चिमणभाईंनी टाकली, आणि सरलाबाईंनीही टाकली. पुढे राण्या आल्या. पुन्हा तेच. दुपारपर्यंत त्यांच्यापुढे चिंचोक्यांची टेकडी झाली होती. ते तुषारला समजावून सांगू लागले की बघ, खेळ असा असतो, भावनेला थारा नाही. तुषारचे कान लाल झाले. सरलाबाईंपुढचा ढीग मात्र बसल्या जागी झिजत होता. सुकीबाई त्यांच्या खांद्यावरून एकदा ढिगाकडे, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत. सरलाबाई पुढच्या पुढच्या डावाला पदर नीट करत राहिल्या. पानं टाकताना त्यांचा हात आता पहिल्यासारखा सहज जात नव्हता.

आणि मग पूजा आटोपून कांताबेन बाहेर आल्या. चिमणभाईंच्या या पत्नी म्हणजे फार थोडं बोलणाऱ्या बाई, पण बोलल्या की चिमणभाई चष्मा सावरतात. तेव्हा नेमके तिघांनी मिळून वासुदेवरावांच्या वाढीपुढे पानं टाकली होती. कांताबेन उंबऱ्यातच थांबल्या.

“आ शुं करो छो?” त्या म्हणाल्या. “सातमने दहाडे आवेली लक्ष्मी पाछी न मोकलाय.”

चिमणभाईंनी जीभ चावली. आलेलं पान म्हणजे आलेली लक्ष्मी, ती परत पाठवायची नाही, सातमला शेवटपर्यंत डावात राहायचं, हा त्यांच्या घरचा रिवाज. नव्या खेळाच्या नादात ते विसरलेच होते. त्यांनी दोन्ही कान पकडले आणि सगळ्यांच्या वतीने जाहीर केलं की आता कुणी पानं टाकणार नाही.

“असं कसं?” वासुदेवराव म्हणाले. “खेळाची सगळी रचनाच त्यावर उभी आहे. वाढवलं की काही लोकांनी जायला हवं.”

“माझ्या घरातून कोणी जात नाही,” कांताबेन स्वच्छ मराठीत म्हणाल्या, आणि सुखडीचं ताट ठेवून आत गेल्या.

इथून पुढे जे झालं त्याला वासुदेवराव नंतर ‘धोरणात्मक बदलाचे परिणाम’ म्हणत. ते वाढवत, सगळे हसत हसत चिंचोके टाकत. ते पुन्हा वाढवत, चिमणभाई म्हणत, “हां हां, एक और.” लिमिटमुळे वाढ चिमूटभरच, त्यामुळे कुणाला जड जात नव्हती. ज्या शिस्तीवर वासुदेवराव भाळले होते तीच आता त्यांच्या मानगुटीवर बसली. गुलामांच्या जोडीला तुषारच्या तीन छक्क्यांनी खाल्लं. त्यानंतर राण्यांना चिमणभाईंच्या एका फालतू सिक्वेन्सने. टेकडीचं टेपाड झालं. चहाची वेळ येऊन गेली. सरलाबाईंचा ढीग, कसा कोण जाणे, वाढत होता. त्या प्रत्येक डावात मुकाट्याने राहत होत्या आणि अधूनमधून काहीतरी लागत होतं. सुकीबाई आता पुढे सरकून त्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या.

बाहेर उजेड कमी व्हायला लागला तेव्हा वासुदेवराव आणि सरलाबाई बरोबरीत होते, बाकी दोघे मागे. चिमणभाईंनी जाहीर केलं, “छेल्लो डाव.” शेवटचा.

वासुदेवरावांनी पानं उचलली. बदामचा एक्का. इस्पिकचा एक्का.

दिवसभरात एकदाही न आलेली, सगळ्यांत मोठी जोडी शेवटच्या डावाला आली होती. डोळ्यांपुढे परसू आलं, पंप आला, आणि पंपाशी दोन पावलांवर असलेलं स्वयंपाकघराचं दार आलं. सरलाबाई जिन्यात थांबणार नाहीत. खिडकीतून चिकूच्या पेट्या बघणार नाहीत. त्यांनी वाढवलं. तुषारने उलट वाढवलं, तेव्हा त्यांनी तिसरी वाढही करून टाकली. तिघेही राहिले.

मधोमध तीन पानं पडली. किल्वरचा राजा, चौकटची सत्ती, इस्पिकची चौकी. वासुदेवरावांनी वाढवलं. तुषारच्या डोळ्यांत चमक आली, म्हणजे याच्याकडे राजा असणार. असू दे. राजा एक्क्याखाली. चौथं पान बदामची नव्वी. चिमणभाई सिक्वेन्सच्या आशेने बोटं मोडू लागले. वाढवलं. सरलाबाईंनी मुकाट्याने चिंचोके पुढे सरकवले.

आता मात्र वासुदेवरावांना बायकोची काळजी वाटायला लागली. हिच्याकडे काय असणार? पण रिवाज काही असो, हिने आता पानं टाकली असती तर बरं. त्यांनी सरलाबाईंकडे बघून डोळा बारीक केला, मग भुवई उडवली, मग मान किंचित जमिनीकडे झुकवली, म्हणजे टाक.

“डोळ्यात काही गेलंय का तुमच्या?” सरलाबाईंनी मोठ्याने विचारलं.

तुषारने झटकन वर पाहिलं. वासुदेवराव डोळा चोळू लागले. मग त्यांनी चटईच्या कडेने पाय लांबवून अंगठ्याने खूण केली. “सावेभाई, तो मारो पग छे,” चिमणभाई आपला पाय आवरत म्हणाले.

पाचवं पान आलं. चौकटची दुर्री. इतकं निरुपद्रवी पान पाहून वासुदेवरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चार चिंचोके वाढवले. तुषारने टाकले, चिमणभाईंनी टाकले. सरलाबाईंनी आपली दोन पानं पुन्हा एकदा उघडून पाहिली, मधली पाच पाहिली, ओठ हलवून काहीतरी जुळवलं. मग त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. ती नजर बराच वेळ टिकली. त्यात माफी नव्हती, पण त्यात आनंदही नव्हता.

“मी वाढवू शकते ना?” त्या म्हणाल्या.

दिवसभरात सरलाबाईंनी पहिल्यांदा वाढवलं होतं. शैलेश तिथे असता तर त्याने काकांचा हात धरला असता. पण तो कुठल्यातरी समुद्रावर होता, आणि वासुदेवरावांना त्या दोन एक्क्यांची माया लागली होती. त्यांनी उलट वाढवलं. सरलाबाईंनी चिंचोके भरले. तीन वाढी पुऱ्या झाल्या आणि पानं उलटली. तुषारची राजांची जोडी. चिमणभाईंचं काहीच नाही. वासुदेवरावांनी आपले एक्के चटईवर इतक्या हळुवार ठेवले की जणू ते झोपलेले आहेत.

सरलाबाईंनी किल्वरची सत्ती ठेवली, शेजारी बदामची दुर्री. “मधे एक सत्ती, एक दुर्री आहे,” त्या म्हणाल्या. “म्हणजे दोनदा दोन सारखी.”

जगातली सगळ्यांत टाकाऊ दोन पानं. कॅलिफोर्नियात कुणी ती हातात धरून बसलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. सुकीबाईंना खेळातलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण ढीग सरलाबाईंकडे सरकलेला त्यांना कळला. त्यांनी सरलाबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडलाच नाही.

अर्ज मागे घेण्याचा मसुदा वासुदेवरावांनाच लिहावा लागला, स्वतःचाही आणि तुषारचाही, कारण असे मसुदे त्यांच्याइतके चांगले कुणाला जमत नाहीत. ‘स्वेच्छेने’ हा शब्द लिहिताना पेन दोनदा अडला.

जिना चढताना मधल्या वळणावर सरलाबाई थांबल्या, तेव्हा वासुदेवरावही थांबले.

“पानं टाकली असतीस तर तळमजला आपला होता,” ते म्हणाले. आवाज रागाचा करायचा होता, पण तो तसा झाला नाही.

“सकाळी टाकतच होते की. मग म्हातारी बघायला लागली माझ्याकडे.” सरलाबाईंनी कठड्याला हात टेकला. “गुडघे माझे आहेत हो. पानं संगिताची होती.”



आठवड्याभरात वांगड मंडळी खाली राहायला गेली. कोंबडा पायपुसण्यावरून गेला, आणि सुकीबाई पहिल्या रात्री अशा घोरल्या की तुषारने म्हणे स्कूटरच चालू झाली समजून खिडकी उघडली. सरलाबाईंना संगिताने घरी बोलावून जेवू घातलं. वसाहतीने वासुदेवरावांना मात्र सोडलं नाही. जिन्यात भेटेल तो एक्क्यांची विचारपूस करी.

पण हे सगळं नंतर. डावाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गोकुळअष्टमीची सुट्टी होती. सकाळी वासुदेवराव चहा पीत पेपर वाचत असताना सरलाबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात रिकामी कळशी आणि बादली. त्या दोन्ही वस्तू त्यांनी पेपरच्या शेजारी ठेवल्या.

“या गुडघ्यांसाठी तुम्ही डॉक्टर केलात,” त्या म्हणाल्या. “फाइल ठाण्याला पाठवलीत. ट्रकवाल्यांबरोबर पत्ते खेळलात. काल दिवसभर बिनचहाचे बसलात. इतकं केलंत तर आता एवढंही करा.”

वासुदेवरावांनी कळशीकडे पाहिलं. मग बादलीकडे. कुणीतरी अत्यंत साधा नियम अनेक वर्षं फाइलमध्ये दडवून ठेवला आणि तो आज समोर आला, असं काहीतरी त्यांना वाटलं. पट्ट्यापट्ट्याच्या अर्ध्या चड्डीत, अव्वल कारकून, सगळ्या वसाहतीदेखत खाली उतरले. पंपाशी सुकीबाई उभ्या होत्या, आपल्या होणाऱ्या परसाची पाहणी करत. त्यांनी आपला हात बाजूला केला आणि दांडा वासुदेवरावांच्या हाती दिला.

पहिली खेप त्यांनी दिमाखात नेली. दुसऱ्या खेपेला मधल्या वळणावर ते थांबले आणि खिडकीतून बाहेर बघितल्यासारखं केलं. तिसऱ्या खेपेला वर पोचले, कळशी उंबऱ्यात टेकवली आणि शेवटच्या पायरीवर बसकण मारली. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

“सरला,” ते म्हणाले, “तू रोज किती वेळा करायचीस हे?”

सरलाबाईंनी कळशी उचलून आत नेली, माठात ओतली आणि रिकामी करून त्यांच्या हातात परत दिली.

“मी कधी मोजलं नाही,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही मोजा.”